आमच्या नावानं खोटा मेल गेला, पार्टीनं पैसे भलत्याच खात्यात टाकले. पुरावा म्हणून नक्की काय काय जपायचं?

यार्डातली_हळद (सांगली)

नमस्कार मंडळी. आमचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे, वडील आणि काका सौदे बघतात, मी बिलं, जीएसटी, मेल असलं सगळं बघतो. परराज्यातली मसाल्याची एक पार्टी आमच्याकडनं लई वर्षांपासून राजापुरी हळद उचलते, व्यवहार कायम चोख. यावेळी माल पोचला, मंगळवारी दुपारी मी बिल मेल केलं आणि पेमेंटची वाट बघत बसलो. पुढच्या सोमवारी काकांनी सहज फोन केला तर ते म्हणाले पैसे गुरुवारीच टाकले की तुमच्या नवीन खात्यात. आम्ही नवीन खातं काढलेलंच नाही. रक्कम 11 लाख 80 हजार.

झालं असं की माझ्या बिलाच्या मेलला जोडूनच त्यांना बुधवारी अजून एक मेल गेला, नाव आमचं, खाली आमची आधीची सगळी मेलामेली जशीच्या तशी, सोबत आमचंच बिल, नंबर तोच, तारीख तीच, पोती तेवढीच, फक्त तळाला बँक, खाते नंबर आणि आयएफएससी वेगळा. मजकूर काय तर ऑडिटमुळं जुनं खातं थांबवलंय, या खात्यावर पाठवा. मी शेवटी जी ओळ लिहितो ती सुद्धा तशीच. त्यांच्या अकाउंटंटनं तो मेल मला फॉरवर्ड केला, वाचून अंगावर काटा आला, म्हणजे कोणीतरी बसून आमचं सगळं वाचत होतं.

त्यांनी सोमवारीच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार टाकली, पुढच्या कुठल्यातरी खात्यात थोडे पैसे अडकलेत म्हणे, किती ते कळलं नाही. आता ते म्हणतात मेल तुमच्याकडनं आला तर पैसे पोचले असं समजा, आणि वडील म्हणतात आम्ही पाठवलाच नाही. इतक्या वर्षांचं नातं आहे, दोन्हीकडची माणसं खरी आहेत आणि तरी रोज फोनवर आवाज चढतोय, हे बघवत नाही.

पोलिसांनी सांगितलंय की प्रिंट नको, ओरिजिनल मेल आणा. ओरिजिनल म्हणजे नक्की काय द्यायचं? आणि मेल आमचा फुटला का त्यांचा हे कळायला काही मार्ग आहे का? अजून एक, त्याच आठवड्यात फेसबुकवर आमच्या दुकानाच्या नावाचं एक पेज दिसलं, आमच्या पाटीचा फोटो लावलाय आणि होलसेल भावात हळद पावडर, अ‍ॅडव्हान्स पाठवा असं लिहिलंय. ते रिपोर्ट करून बंद करू का? दोन्हीचा संबंध असेल का?

मिरज_जंक्शन

मी डिजिटल फॉरेन्सिकमध्ये काम करतो, सध्या पुण्यात, घर मिरजेत. आधी पेजचं सांगतो कारण ते घाईचं आहे. रिपोर्ट करा, पण जपून झाल्यावर. पेज एकदा गेलं की तुमच्या हातात फक्त फोटो उरतो. कॉम्प्युटरवर पेज उघडा, वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता कॉपी करून ठेवा, कारण पेजचं नाव तो माणूस कधीही बदलू शकतो पण आतला आकडी आयडी बदलत नाही, आणि कंपनीकडं माहिती मागताना पोलिसांना तोच लागतो. मग पेज ट्रान्सपरन्सी म्हणून भाग असतो तो उघडा, त्यात पेज कधी तयार झालं, आधी काय नावं होती, कधीकधी चालवणारे कुठल्या देशात आहेत हे पण दिसतं. खूपदा असं पेज आधी कुठल्यातरी भलत्याच नावाचं असतं. हे सगळं स्क्रीन रेकॉर्डिंग करत करा, कॉम्प्युटरचं घड्याळ दिसू दे, अ‍ॅडव्हान्ससाठी दिलेला मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी असेल तो टाइप करून लिहून घ्या. एवढं झालं की खुशाल रिपोर्ट करा, नाहीतर आणखी कोण पैसे घालवेल.

आता मेल. अकाउंटंटनं फॉरवर्ड केलेला मेल हा त्याच्याकडनं तुमच्याकडं आलेला नवा मेल आहे, त्याला खोट्या मेलचं हेडर, म्हणजे मेल कुठनं कसा आला याची आत दडलेली नोंद, नसतं. म्हणजे पोलीस मागतायत ती वस्तू तुमच्याकडं नाहीच, ती पार्टीच्या इनबॉक्समध्ये आहे. त्यांना सांगा तो मेल डिलीट करू नका, दुसऱ्या फोल्डरला हलवू पण नका. जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर शो ओरिजिनल, तिथं डाउनलोड ओरिजिनल आहे, त्यातनं ईएमएल फाइल मिळते. आउटलुक असेल तर मेल एमएसजी म्हणून सेव्ह करायचा. या फाइलमध्ये मजकूर, जोडलेलं बिल आणि हेडर तिन्ही येतं. फाइल मिळाली की लगेच तिची हॅश, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा म्हणा, काढा, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आहे तिनं निघते, एसएचए-256 घ्या, 64 अक्षर-आकड्यांची ओळ येते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. ती ओळ कागदावर लिहून तारीख-वेळ टाकून ठेवा.

हेडर वाचायचं कसं ते सांगतो. एसटीनं पार्सल पाठवलं की वाटेतल्या प्रत्येक डेपोत शिक्का पडावा तसं मेल ज्या ज्या सर्व्हरमधनं जातो तो सर्व्हर रिसीव्ह्ड नावाची एक ओळ वर चिकटवतो. त्यामुळं सगळ्यात खालची ओळ सगळ्यात आधीची. त्याशिवाय फ्रॉम काय दिसतं, रिप्लाय-टू काय आहे, रिटर्न-पाथ काय आहे हे तिन्ही अक्षर अक्षर लावून बघा. फ्रॉममधलं नाव कोणीही काहीही लिहू शकतो. आणि ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स म्हणून ओळ असते त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल दाखवलेल्या पत्त्याच्या सर्व्हरकडनंच आला का याच्या तीन तपासण्या, पास का फेल ते असतं. ते सगळं काढून, खाते नंबर वगैरे झाकून, इथं लिहा, मग बोलू.

पार्टीला अजून एक सांगा. तुमचा खरा बिलाचा मेल पण त्यांच्या इनबॉक्समधनं असाच काढायला लावा. तुमच्या सर्व्हरची डीकेआयएम सही त्यावर असेल तर ती सही मजकुरावर आणि जोडलेल्या बिलावर पण असते. म्हणजे मंगळवारी तुम्ही कुठला खाते नंबर पाठवला होता हे त्यांच्याच इनबॉक्समधनं सिद्ध होतं. लोक खोट्या मेलच्या मागं लागतात आणि खरा मेल जपायचा राहून जातो.

कृष्णाकाठ_007

दादा एक विचारू का, हेडर पण खोटं करता येतं म्हणतात ना, मग त्याला काय अर्थ. त्यापेक्षा त्या माणसाला एक ट्रॅकिंगची लिंक पाठवा, पेमेंटची रिसीट आहे म्हणून, त्यानं क्लिक केलं की आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि लोकेशन हातात, युट्यूबवर लई व्हिडिओ आहेत. नाहीतर पासवर्ड टाकून बघा त्याच्या मेलचा.

मिरज_जंक्शन

हेडर खोटं करता येतं हे बरोबर आहे पण अर्धंच. पाठवणारा खालच्या ओळी हव्या तशा लिहून पाठवू शकतो. पण मेल घेणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरनं वर चिकटवलेली ओळ त्याच्या हातात नसते. म्हणून वेळेचा क्रम खालून वर लागतो पण विश्वास वरून खाली ठेवायचा, आपल्या सर्व्हरपासून सुरुवात करून जिथं पुढची ओळ आधीच्या ओळीशी जुळत नाही तिथं थांबायचं. त्याच्या खालचं सगळं नुसतं सांगोवांगी समजा.

आणि लिंकचं कृपा करून कोणी करू नका. एक तर तो सावध होऊन डोमेन (मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव), खाती, पेज सगळं गुंडाळतो आणि पोलिसांना नोटीस काढेपर्यंत काही उरत नाही. दुसरं म्हणजे मिळाला तरी तो आयपी व्हीपीएनचा, म्हणजे खरा पत्ता लपवणाऱ्या सेवेचा असतो, नाहीतर मोबाइल नेटवर्कचा. मोबाइल कंपन्या एकच पब्लिक आयपी एका वेळी शेकडो लोकांना वाटून देतात, त्यातला कोण हे काढायला सेकंदापर्यंत वेळ आणि पोर्ट नंबर लागतो आणि ती नोंद कंपनीकडंच असते, ती पोलिसांनाच मिळते. पासवर्ड टाकून बघणं हा तर सरळ आयटी कायद्यात गुन्हा आहे, मग तो चोराचा अकाउंट असला तरी.

आयपीवरून माणूस धरताना किती जपावं लागतं याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 2007 साली ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला म्हणून बंगळूरच्या एका आयटी इंजिनिअरला पुण्याला आणून 50 दिवस आत ठेवलं, नंतर कळलं की इंटरनेट कंपनीनं दिलेला आयपीचा तपशीलच चुकीचा होता. त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. असल्या चुका होण्याची अजून एक नेहमीची जागा म्हणजे वेळ. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बहुतेक यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढं, नोटिशीत ते बदलायचं राहिलं की साडेपाच तास अलीकडं-पलीकडं तो आयपी ज्याच्याकडं होता त्याचं नाव बाहेर येतं. आमच्याकडं कुठलाही रिपोर्ट लिहिताना प्रत्येक वेळेपुढं यूटीसी का भारतीय वेळ हे लिहिल्याशिवाय सही होत नाही.

वाईची_बाई

मी शाळेत शिकवते, थोडं वेगळं विचारते पण याच विषयातलं आहे म्हणून इथंच. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या नावानं इन्स्टाग्रामवर अकाउंट काढलंय, तिच्याच लग्नातले फोटो घेतलेत आणि नातेवाइकांना मेसेज करून पैसे मागतात. पोरगी रडकुंडीला आलीय, सासरकडचे तिलाच विचारतायत. शेजारच्या एकानं सगळ्यांना ग्रुपवर सांगितलं की मिळून रिपोर्ट मारा, म्हणून मी तो धागा थांबवला आणि इथं वाचत बसले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून तो कुठून काढला ते कळतं असं एकजण म्हणाला, खरं आहे का?

मिरज_जंक्शन

थांबवलंत ते फार बरं केलंत ताई. तिथंही तेच, आधी प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, मग आलेल्या मेसेजचं रेकॉर्डिंग, आणि ज्या नातेवाइकांना मेसेज आलेत त्यांच्या फोनमध्ये ते तसेच राहू देत, कोणी चॅट डिलीट करू नये किंवा त्याला शिव्या देऊन ब्लॉक करू नये. इन्स्टाचं यूजरनेम बदलता येतं, अकाउंटचा आतला आकडी आयडी बदलत नाही. पोलिसांना सांगा की कंपनीकडं आधी प्रिझर्व्हेशन रिक्वेस्ट टाका, इन्स्टाची मालक कंपनी मेटा, तिच्याकडं पोलिसांसाठी वेगळं पोर्टल आहे, तिथं विनंती गेली की त्या अकाउंटच्या नोंदी ते 90 दिवस राखून ठेवतात, तोवर कायदेशीर नोटीस पोचली पाहिजे. मिळतं काय तर अकाउंट कुठल्या मेलवरून, कुठल्या नंबरवरून काढलं, कुठल्या आयपीवरून कधी लॉगिन झालं. आतल्या मेसेजचा मजकूर मागायचा तर अमेरिकेच्या कायद्याची वाट धरावी लागते, ती लांबची आहे. असल्या प्रकरणात मजकूर तुमच्या नातेवाइकांच्या फोनमध्ये आहेच की.

फोटोचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, फेसबुक यांच्यातनं नेहमीसारखा पाठवलेला फोटो आला की आतली लोकेशन, कॅमेरा, मूळ वेळ ही माहिती गेलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणून फोटोवरनं जागा काढण्याची आशा धरू नका. पण ते लग्नाचे फोटो मुळात कुठं टाकले होते आणि ते बघू शकणारे किती जण होते हे पोरीला शांत बसवून विचारा. एखादा फोटो फक्त घरच्या ग्रुपवर होता असं निघालं तर शोधायचं वर्तुळ एकदम लहान होतं, आणि माझ्या अनुभवात असल्या केसमध्ये माणूस लांबचा क्वचितच निघतो.

अ‍ॅडव्होकेट_विश्रामबाग

कायद्याचं थोडं. 1 जुलै 2024 पासून पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, जुन्या 65-बी च्या जागी आता कलम 63 आहे. मेल, चॅट, रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर किंवा प्रिंट काढून द्यायचं असेल तर त्यासोबत सर्टिफिकेट लागतं, त्याचे दोन भाग आहेत, पहिला ज्याच्या ताब्यात ते मशिन किंवा अकाउंट आहे त्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. नमुना कायद्यातच दिलाय आणि त्यात हॅश लिहायचा रकाना आहे, मिरजकरांनी हॅश काढून ठेवा म्हणलं त्याचं हे कारण. त्यामुळं खोट्या मेलचं सर्टिफिकेट पार्टीच्या अकाउंटंटनं द्यायला लागेल, तुम्ही देऊन चालणार नाही.

याच्यावरचा मोठा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे, जालन्याची निवडणूक, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्ट 2020. उमेदवारी अर्ज वेळेत आला का नाही हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरनं ठरायचं होतं आणि अधिकारी सर्टिफिकेट देत नव्हते. कोर्टानं सांगितलं की कॉपी द्यायची तर सर्टिफिकेट पाहिजेच, पण मूळ फोन किंवा लॅपटॉपच मालकानं कोर्टात आणून दाखवला तर त्याची गरज नाही. निकाल जुन्या कलमावरचा आहे, तरी मुद्दा आजही तोच धरून चालतात. वाईच्या बाईंना सांगतो, म्हणूनच नातेवाइकांचे फोन महत्त्वाचे आहेत, तेवढ्यात कोणी फोन फॉरमॅट करून विकू नये.

कलमं म्हणाल तर आयटी कायदा 66-सी आणि 66-डी, दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं, आणि भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं 318 (4). आयटी कायद्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्याच अधिकाऱ्यानं करायचा असतो, त्यामुळं ठाण्यात नुसता अर्ज देऊन येऊ नका, सायबर पोलिसांकडं जा. पैसे पार्टीच्या खात्यातनं गेलेत म्हणून मुख्य तक्रार त्यांचीच राहणार, तुम्ही मात्र तुमच्या नावाचा, बिलाचा गैरवापर झाला म्हणून वेगळी द्या, त्यात त्यांच्या तक्रारीचा नंबर लिहा. अडकलेली रक्कम सोडवायला मॅजिस्ट्रेटकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करावा लागतो, ती आपोआप परत येत नाही, हे पार्टीला आत्ताच सांगा.

यार्डातली_हळद (सांगली)

सगळ्यांचे आभार. पार्टीच्या अकाउंटंटला व्हिडिओ कॉलवर बसवून दोन्ही मेलच्या ईएमएल फाइल काढल्या, हॅश त्यानं काढली, मी पण काढली, जुळली. पेजचं रेकॉर्डिंग झालं, पेज आधी कुठल्यातरी मोबाइल कव्हर विकणाऱ्याच्या नावाचं होतं.

आता खोट्या मेलचं. फ्रॉममधलं नाव आमचं, पण पत्ता मोठा करून बघितला तर डोमेनमध्ये आमच्या नावातल्या एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी आहेत. मोबाइलवर तर मला स्वतःला सुद्धा फरक दिसत नव्हता. रिप्लाय-टू तोच. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. तिन्ही पास बघून पार्टीवाले म्हणतात बघा मेल खराच आहे. त्या डोमेनची नोंदणी बघितली, मी बिल पाठवायच्या आदल्याच आठवड्यातली आहे, मालकाचं नाव झाकलंय. रेफरन्सेस म्हणून एक ओळ आहे त्यात बऱ्याच मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक मेलचा स्वतःचा नंबर, आहेत, शेवटचा आमच्या बिलाच्या मेलचा. आणि एक गोष्ट नजरेला आली, खाली जुना मेल जोडलेला असतो ना, अमुक वाजता अमुकनं लिहिलं, तिथं माझ्या बिलाच्या मेलची वेळ सकाळी 11:42 आहे. मी पाठवला दुपारी 4:12 ला, सेंटमध्ये तसंच आहे.

मिरज_जंक्शन

फार नीट बघितलंत. एकेक घेतो.

तिन्ही पास याचा अर्थ एवढाच की मेल खरंच त्या आर-एनवाल्या डोमेनकडनं आला. ते डोमेन चोराचंच आहे, त्यानं स्वतःच्या घराला स्वतःचं कुलूप नीट लावलंय, मेल पास होणारच. या तपासण्या डोमेन खरं का खोटं ते सांगतात, माणूस खरा का खोटा ते नाही. हे पार्टीला सांगताना दोन्ही पत्ते मोठ्या अक्षरात शेजारी शेजारी छापून दाखवा, फोनवर बोलून पटत नाही. उलट तुमचा खरा मेल तुमच्या डोमेनच्या सहीनं पास आहे आणि हा दुसऱ्या डोमेनच्या, म्हणजे हा मेल तुमच्या सर्व्हरवरनं गेलेला नाही हे यातनंच दिसतं.

11:42 आणि 4:12 मध्ये साडेचार तासांचा फरक आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे ज्या मेलबॉक्समधनं हा रिप्लाय लिहिला त्याची वेळ यूटीसीच्या 1 तास पुढं लावलेली होती. तुमचा किंवा पार्टीचा कॉम्प्युटर असता तर 4:12 च दिसलं असतं. यावरनं देश सांगू नका, सेटिंग कोणीही बदलू शकतं, पण हे अकाउंटंटनं घरबसल्या केलेलं नाही एवढ्याला हा धागा चांगला आहे, आणि तुमच्यातल्या संशयावर औषध म्हणून तरी वापरा.

आता रेफरन्सेस. शेवटचा आयडी बिलाच्या मेलचा, म्हणजे चोराच्या हातात तो मेल जसाच्या तसा होता. पण तो मेल तुमच्या सेंटमध्ये पण आहे आणि त्यांच्या इनबॉक्समध्ये पण, त्यामुळं एवढ्यावर कोणाचा फुटला ते ठरत नाही. जोडलेल्या साखळीत एखादा मेल असा आहे का जो फक्त एकाच बाजूला होता? त्यांच्या अकाउंटंटनं त्यांच्या मालकाला पाठवलेला, किंवा तुमच्यातला आपसातला? आणि तुमच्या डोमेनवर किती मेलबॉक्स आहेत, त्यातले कोण कोण या बिलात सीसीला होते, हे बघा. प्रत्येकाची सेटिंग उघडून फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. मेल चोरणारा पासवर्ड बदलत नाही, बदलला तर कळेल ना, तो गुपचूप एक नियम लावून ठेवतो आणि घरी बसून वाचतो.

बिलाची पीडीएफ पण बघा. तुमचं बिल टॅलीतनं निघतं, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कुठल्या सॉफ्टवेअरनं कधी बनवली ते असतं. खोट्या बिलात दुसरं सॉफ्टवेअर आणि नंतरची वेळ दिसली तर दोन्ही शेजारी ठेवून रिपोर्टमध्ये घालता येतं. तीही माहिती बदलता येते, म्हणून एकटीवर उभं राहू नका.

कृष्णाकाठ_007

लिंकचं मी परत कोणाला सांगणार नाही, वरचं सगळं वाचलं. आमचा बेदाण्याचा धंदा आहे तासगावला, सौद्याचं पेमेंट असंच मेलवर खाते नंबर देऊन येतं. आता खाते नंबर बदलला असा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नाही, असं ठरवलंय, घरात पण सांगितलंय.

यार्डातली_हळद (सांगली)

सापडलं. वेबसाइट करून देणाऱ्यानं आमच्या डोमेनवर सेल्स नावाचा एक मेलबॉक्स काढून दिला होता, घरातलं कोणी तो उघडत नाही, पण प्रत्येक बिल सवयीनं तिथं सीसी जातं. आज होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बघितलं तर त्या मेलबॉक्सवर एक नियम आहे, विषयात इनव्हॉइस किंवा पेमेंट शब्द असला की त्याची एक प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर. तो पत्ता आमचा कोणाचाच नाही. पीडीएफचं पण तुम्ही म्हणला तसंच, आमचं टॅलीतलं, त्यांना गेलेलं कुठल्यातरी ऑनलाइन एडिटरमधलं, बुधवारचं.

आता काय करू, नियम काढून टाकू का? आणि पार्टीला सांगू का नको? काका म्हणतात सांगितलं तर सगळं आपल्या गळ्यात येईल. वडील ऐकून घेत होते, ते म्हणाले त्यांना रात्रीच फोन करतो.

मिरज_जंक्शन

नियम चालू ठेवायचा नाही, पण काढायच्या आधी जपायचा. आत्ता लगेच स्क्रीन रेकॉर्डिंग लावून पॅनेलमध्ये लॉगिनपासून सुरुवात करा, तो नियम पूर्ण उघडून दाखवा, बाहेरचा पत्ता अक्षर अक्षर दिसू दे. शेजारच्या दुकानातल्या दोन माणसांना समोर बसवा, त्यांच्या सह्या कागदावर घ्या. पूर्ण अकाउंटचा बॅकअप डाउनलोड करा, हॅश काढा. मग नियम बंद करा आणि सगळ्या मेलबॉक्सचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरनं बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन मिळत असेल तर लावा. ज्या कॉम्प्युटरवरनं पॅनेल चालवता तो फॉरमॅट करू नका, पासवर्ड तिथनंच गेला असेल तर ते त्यातच दिसेल.

आणि आजच होस्टिंगवाल्याला लेखी मेल करा की आमच्या डोमेनचे लॉगिनचे, पॅनेलचे आणि मेल सर्व्हरचे लॉग राखून ठेवा, पोलीस मागणार आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशाप्रमाणं लॉग 180 दिवस ठेवायचे असतात, पण मागितल्याशिवाय कोणी जपत बसत नाही. तो नियम कोणी कुठल्या आयपीवरनं कधी लावला हे फक्त तिथंच मिळणार. बाहेरचा पत्ता ज्या कंपनीचा आहे तिला आणि ते डोमेन ज्यानं विकलं त्याला पोलिसांची नोटीस जाईल, डोमेनचे पैसे कशानं भरले हे तिथं निघतं, बऱ्याचदा चोर तिथं सापडतो.

पार्टीला सांगण्याबद्दल माझं मत वडिलांसारखंच आहे. त्यांच्याही मेलबॉक्समध्ये असा नियम असू शकतो, तुम्ही सांगितलं तर ते शोधतील.

अ‍ॅडव्होकेट_विश्रामबाग

सांगा, लपवलेलं नंतर बाहेर आलं तर तुमच्या खऱ्या गोष्टीवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही. पण फोननंतर एक लेखी मेल करा, त्यात काय सापडलं, कधी सापडलं, पोलिसांना कधी दिलं एवढंच लिहा. जबाबदारी आमची किंवा तुमची असं एक अक्षर लिहू नका, ते नंतर ठरेल, दोन मेलमधला फरक त्यांनी बघायला हवा होता का हाही त्यातला प्रश्न आहे. शक्य असेल तर बुडालेल्या रकमेवर दोघांनी बसून तडजोड करा, दावा वर्षानुवर्षं चालतो आणि हळद तर दरसाल विकायची आहे.

यार्डातली_हळद (सांगली)

वडिलांनी फोन केला, बराच वेळ बोलले. पार्टीचे मालक स्वतः बोलले, त्यांनी पण आयटीवाल्याला लावून आज रात्रीच त्यांचे सगळे मेलबॉक्स बघायला घेतलेत. अडकलेल्या रकमेचा अर्ज ते उद्या करतायत, आमची तक्रार जोडून. होस्टिंगवाल्याला मेल गेला, त्यांचं तिकीट नंबरसकट उत्तर आलंय. बॅकअप मोठा आहे, अजून उतरतोय. उद्या सकाळी सायबरला जातो, सोबत काय काय न्यायचं ते एकदा सांगून ठेवा.

मिरज_जंक्शन

दोन नवे पेन ड्राइव्ह घ्या, दोन्हीवर तेच, दोन्ही ईएमएल, दोन्ही पीडीएफ, पेजचं रेकॉर्डिंग, नियमाचं रेकॉर्डिंग, बॅकअप. हॅशचा कागद वेगळा, सहीसकट. एक पोलिसांना द्या आणि पोच घ्या, दुसरा घरी पाकिटात बंद, तो कुठल्याच कॉम्प्युटरला लावू नका. तारखांचा एक पानी तक्ता न्या, मंगळवार बिल, बुधवार खोटा मेल, गुरुवार पैसे, सोमवार कळलं, प्रत्येकापुढं वेळ आणि भारतीय वेळ असं लिहून. साहेबांना सगळ्यात आधी ते खोटं डोमेन आणि तो बाहेरचा पत्ता दाखवा, नोटीस तिथनंच सुरू होते.

वाईची_बाई

आमच्याकडं पण तक्रार झाली, साताऱ्याला सायबरमध्ये बाईसाहेबांनी शांतपणे सगळं घेतलं, प्रोफाइलचा पत्ता लिहून नेला होता त्याचा लगेच उपयोग झाला. लग्नाच्या फोटोंचं विचारलं तर त्यातले दोन फोटो फक्त मामेभावंडांच्या ग्रुपवर होते. पोरीला अजून सांगितलेलं नाही, आधी पोलिसांना सांगितलंय.

मिरज_जंक्शन

बरोबर केलंत. त्या ग्रुपमध्ये कोणी काही बोलू नये, आणि तो ग्रुप कोणी सोडू नये, डिसअपिअरिंग मेसेज चालू आहेत का तेवढं गुपचूप बघा.